करसवलत कुणाच्या हातात?

अंदाजपत्रक आले की ‘मध्यमवर्गीय कुटुंबाला दिलासा’ असे मथळे झळकतात. ते वाचताना मला दर वेळी वाटते, या कुटुंबात बाई कुठे आहे?

२०२५च्या अंदाजपत्रकाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावरचा आयकर माफ केला. १२ लाखांवर हिशेबाने ६०,००० रुपये कर होतो. तो सरकारने सोडला, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये दिलेच की! मिळतात ते कमावत्याला, आणि तो बहुधा पुरुष. घरात मुले किती, आजारी कोण, ही चौकशी कुणी करत नाही. जिची कमाई ४ लाखांच्या आत, तिला करच नाही, म्हणून सवलतही नाही. पण धुणीभांडी करणारी बाईसुद्धा मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतेच. तिला त्यातले काय परत मिळते?

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४पासून ‘लाडकी बहीण’ म्हणून महिन्याला १,५०० रुपये द्यायचे ठरवले, तेव्हा केवढा गहजब झाला! करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी म्हणे. ५,००० सोडले तर दिलासा, १,५०० दिले तर खैरात? योजना विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आली, हे खरेच. म्हणूनच मी म्हणते, आम्हाला ओवाळणी नको, हक्क हवा.

‘घरात आलेला पैसा सगळ्यांचाच असतो’ असे सांगणारे भेटतात. मग बाईनेच दुखणे अंगावर का काढायचे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पैसा कुणाच्या हातात पडतो, यावर औषध कुणाला मिळते हे ठरते.

ब्रिटनमधल्या बायकांनी हे ओळखले होते. १९४५ साली मुलांसाठीचा भत्ता वडिलांच्या नावे देण्याचा घाट होता. एलिनॉर रॅथबोन यांनी लढून तो आईच्या नावे करून घेतला. पुढे मुलांपोटीची करसवलत बंद करून तोही पैसा आईला द्यायचे ठरले, तेव्हा पुरुषांच्या हाती पडणारा पगार घटेल म्हणून १९७६ साली मंत्रिमंडळ कचरले. अखेर १९७७पासून हा बदल टप्प्याटप्प्याने झालाच.

अमेरिकेने २०२१ साली मुलांपोटीची करसवलत कर न भरणाऱ्या गरीब कुटुंबांनाही पूर्ण दिली. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, मोठ्यामागे ३,०००. जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम दरमहा हातात. लोकांनी तो पैसा अन्न, कपडे, शाळा यांवर खर्चला. इतर मदतही होती, पण त्या वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर उतरले. वाढीव सवलत आणि ती मदत थांबली, आणि २०२२ साली ते १२.४ टक्क्यांवर गेले.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. कर भरो वा न भरो, मुलांपोटीची आणि आजारपणापोटीची सवलत प्रत्येक घराला रोख मिळावी, दरमहा मिळावी, आणि बाईच्या खात्यात जमा व्हावी. तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. १२ लाखवाल्यांसाठी तो निघाला होता.