विचारणाऱ्यास हंसूं नये

पिकाची नोंद ज्याची त्यानें करण्याची पद्धत, म्हणजे ई-पीक पाहणी, १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत सर्वत्र सुरू झाली. गांवनमुना बाराचें जें काम पिढ्यान् पिढ्या तलाठ्याच्या लेखणीनें होत असे, तें खातेदाराच्या मोबाइलवर आलें. शेतांत उभें राहून गट निवडावा, पीक व क्षेत्र भरावें, उभ्या पिकाचें छायाचित्र घ्यावें आणि माहिती पाठवावी, इतकाच हा खटाटोप. जाणत्यास तो क्षुल्लक वाटतो. पण ज्यानें मोबाइल केवळ बोलण्यापुरता हातीं धरला त्याची तारांबळ उडते व तो दुसऱ्यास विचारावयास जातो. तेथें त्यास कशी वागणूक मिळते, याविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटतात.

गेल्या खरिपांत आमच्या गांवच्या पारावर एका साठी उलटलेल्या गृहस्थांनीं तरुण मंडळींस विचारलें, "पोटखराबा पिकाच्या क्षेत्रांत धरावयाचा कीं सोडावयाचा?" उत्तर आलें, "तात्या, सातबारा तुमच्या नांवाचा, आणि विचारतां आम्हांला?" सर्व हंसले. तात्यांनीं मोबाइल खिशांत घातला व ते उठून गेले. मागाहून मीं तोच प्रश्न हंसणाऱ्यांपैकीं दोघांस केला, तेव्हां एकासही उत्तर ठाऊक नव्हतें! लागवडयोग्य क्षेत्र व पोटखराबा सातबाऱ्यावर वेगळे दाखविलेले असतात, आणि पीक लागवडयोग्य क्षेत्रावर नोंदवावयाचें, हें सांगण्यास कितीसा वेळ लागला असता?

पण दुसऱ्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. कचेरींत कारकून असतां एकानें मला विचारलें होतें कीं, सातबारा जवळ असतां आठ-अ आणखी कशाला? मीं फटकन् म्हणालों, "इतकीं वर्षें जमीन कसतां, आणि स्वतःचें खातें ठाऊक नाहीं?" सातबारा एका गटाचा, आणि आठ-अ खातेदाराच्या गांवांतील सर्व जमिनीचा, एवढें एक वाक्य मला जड झालें. तो वारसाच्या नोंदीसाठीं आला होता, हें पुढें कळलें. तो पुन्हा कचेरीची पायरी चढला नाहीं. जमीन मृत बापाच्या नांवें राहिली, आणि पीककर्जाच्या वेळीं त्यास रिकाम्या हातीं परतावें लागलें.

आजही नुकसान लहान नसतें. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन यांसाठीं राज्य सरकारनें हेक्टरीं ५,००० रुपये अर्थसाहाय्य ठरविलें, तेव्हां ई-पीक पाहणीची नोंद ही आरंभींची अट होती. लाजेनें न विचारलेला प्रश्न असा रुपयांत मोजावा लागतो.

कांहीं सज्जन हंसत नाहींत. ते मोबाइल हातांतून ओढून घेतात आणि दोन क्षणांत काम उरकून परत देतात. हेतु चांगला, यांत शंका नाहीं. परंतु पुढल्या हंगामीं तो गृहस्थ पुन्हा त्यांच्याच दारीं! बोट त्याचें चालूं द्यावें व आपण जवळ उभें राहावें, यास धीर लागतो. विचारणाऱ्यानेंही सातबारा बरोबर आणावा, कोठवर जमलें व कोठें अडलें तें सांगावें. "कांहींच होत नाहीं" या तक्रारीवर कोणता वैद्य औषध देईल?

दुसऱ्या दिवशीं मी तात्यांबरोबर त्यांच्या तुरींत गेलों. पहिल्या खेपेस त्यांनीं क्षेत्र चुकीचें भरलें. पाठविलेली माहिती ४८ तासांच्या आंत एकदां दुरुस्त करण्याची सोय २०२२ मध्यें झाली आहे, हें मीं त्यांस सांगितलें आणि घरीं परतलों. सायंकाळीं ते माझ्या ओटीवर आले. नोंद त्यांनीं स्वतःच दुरुस्त केली होती, आणि शेजारच्या बांधावरील विधवा बाईंसही दाखवूं का, असें ते विचारीत होते.