वास्तू की पाणसळ?

गुरुग्रामपासून मानेसरपर्यंतच्या पट्ट्यात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या महाराष्ट्रीय मंडळींत सध्या एक विचार मूळ धरू लागला आहे. तो ज्या उत्साहाने बोलून दाखविला जातो, त्या मानाने त्याची चिकित्सा मात्र कोणी केलेली दिसत नाही. विचार असा : आपण इतकी माणसे येथे आहोत, अधिकाराच्या जागांवर आहोत, तरी आपल्याला कोणी विचारीत नाही, याचे कारण आपल्याला साजेशी वास्तू नाही. गणेशोत्सवाला शाळेचे सभागृह भाड्याने घ्यावे लागते, दिवाळीच्या फराळाला कोणाच्या तरी सोसायटीचे अंगण मागावे लागते. स्वतःच्या मालकीचा, खांबा-कमानींचा, पाहणाऱ्यावर छाप पाडणारा एक दिवाणखाना असता, तर चित्र निराळे दिसले असते! या विचाराला आधार म्हणून जनपथावरील फ्रीमेसन्स हॉलचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. कोणी तरी तेथे आत जाऊन आलेला असतो, आणि परतल्यावर तो काळ्या-पांढऱ्या फरशीचे, भारदस्त आसनांचे आणि स्तंभांचे असे रसभरित वर्णन करतो की, ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा.

आमचे म्हणणे असे की, या मंडळींनी तो दिवाणखाना पाहिला, पण वाचला नाही.

लॉजची खोली ही कोणा हौशी धनिकाच्या लहरीप्रमाणे सजविलेली नसते. तिची मांडणी ठरलेली असते आणि लंडन, मुंबई, दिल्ली कोठेही जा, ती ढोबळ मानाने सारखीच आढळते. खोली लांबट. पूर्वेला अध्यक्षाचे आसन, पश्चिमेला पहिल्या वॉर्डनचे, दक्षिणेला दुसऱ्या वॉर्डनचे. उत्तर ही अंधाराची दिशा म्हणून तेथे अधिकाऱ्याचे आसन नाही. मधोमध बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी. आयोनिक, डोरिक आणि कोरिंथियन अशा तीन धर्तींचे तीन स्तंभ, आणि त्यांचे अर्थ शहाणपण, बळ व सौंदर्य. एके ठिकाणी दोन दगड ठेवलेले : एक खाणीतून आला तसा ओबडधोबड, दुसरा छिन्नीने घडवून सपाट केलेला. चिन्हांनी भरलेले चित्रफलक. आणि भारतातील लॉजमध्ये भगवद्गीता, कुराण, बायबल असे निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी. हे सारे प्रेक्षणीय आहे, यात शंका नाही. कलाकुसरीचा आनंद घेण्यास आमची मुळीच हरकत नाही.

पण डोळे स्तंभांवरून काढून जरा माणसांच्या गळ्यांकडे न्यावेत. अध्यक्षाच्या गळ्यात जे पदक असते त्यावर असतो गुण्या. पहिल्या वॉर्डनच्या पदकावर असते पाणसळ, दुसऱ्याच्या ओळंबा. म्हणजे ही सगळी गवंड्याची हत्यारे! ज्यांनी आयुष्यात कधी वीट हातात धरली नाही अशा न्यायाधीशांनी, सेनाधिकाऱ्यांनी आणि संस्थानिकांनी ही हत्यारे गळ्यात घातली, ती त्यांच्या अर्थासाठी. त्यांतील पाणसळीचा अर्थ आपल्याशी सर्वांत निकटचा आहे. या खोलीत जो उभा राहील तो इतरांच्या पातळीवर उभा राहील, बाहेरचा हुद्दा दाराशी ठेवून आत यावे, असे ती पाणसळ सांगते. शिवाय अध्यक्षपद साधारणतः एका वर्षाचे. वर्ष संपले की माणूस ते उंच आसन सोडून खाली येऊन बसतो, आणि काल जो त्याच्या समोर उभा होता तो आज त्याच्या जागी असतो. आमच्या मंडळांत अध्यक्षाची खुर्ची आणि अध्यक्ष यांचा संबंध किती वर्षांचा असतो, हे वाचकांना सांगावयास नको.

'लॉज' म्हटले की आपल्या माणसाला स्टेशनाजवळची उतारूंची जागा आठवते. या गमतीत थोडे तथ्यही आहे, कारण ही संस्था वाढली ती मुख्यतः बदलीच्या माणसांमुळे. १७१७ साली लंडनला पहिली ग्रँड लॉज निघाली, आणि १७३० च्या सुमारास कलकत्त्यास फोर्ट विल्यममध्ये लॉज भरू लागली. १७३२ पासून तर आयर्लंडच्या ग्रँड लॉजने पलटणींना फिरत्या सनदा देण्यास प्रारंभ केला. पलटण हलली की तिच्याबरोबर लॉजही हले. घरापासून हजारो कोसांवर फेकलेला कारकून वा सुभेदार नव्या ठाण्यावर उतरला की, दुसऱ्याच आठवड्यात त्याला ओळखीचे दार सापडे. खूण, शब्द आणि सनद दाखविली की तो परका राहत नसे. त्याचे दुखणे-खुपणे, तो दगावला तर त्याच्या विधवेची सोय, हे सारे त्या दाराआड पाहिले जाई. परमुलखात बदलून गेलेल्या नोकरदारांनी आपल्या एकाकीपणावर शोधलेला हा एक व्यवहारी तोडगा होता. हे वाचणारे आपण सारे त्याच जातीचे प्राणी आहोत, म्हणून हा तोडगा आपण नीट तपासावयास हवा. पण आपण तपासतो आहोत ते त्यावरील नक्षीकाम!

रड्यार्ड किपलिंग हा साम्राज्याचा भाट; त्याच्याविषयी आम्हांस विशेष ममत्व नाही. तरी त्याची साक्ष येथे उपयोगी आहे. १८८६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हिअरन्स' या लॉजमध्ये दाखल झाला, आणि पुढे 'द मदर लॉज' या कवितेत त्याने एका हिंदुस्थानी लॉजचे चित्र काढले. त्यात आहेत कोण? स्टेशनमास्तर, तुरुंगावरचा अंमलदार, एक हिंदू हिशेबनीस, सर्व्हे कचेरीत नकाशे काढणारा मुसलमान, एडनचा यहुदी, एक शीख, रेल्वेच्या कारखान्यातला रोमन कॅथलिक. दाराबाहेर एकमेकांना रिवाजाप्रमाणे मुजरे करणारी ही माणसे आत आली की भावांसारखी बसत. कवीने रंग भरला असेल, हे मान्य. परंतु त्याच कवितेत तो असेही स्वच्छ सांगतो की, आमची लॉज जुनाट आणि ओकीबोकी होती, आणि अंगावर घालावयाची भूषणेही धड नव्हती. या पंथाचे हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध चित्र, आणि त्यात ना स्तंभ ना झुंबर! आमच्या वास्तुभक्तांनी या गोष्टीचा स्वस्थचित्ताने विचार करावा.

त्या लाहोरचीच पुढची कथाही ऐकण्याजोगी आहे. १९७२ साली पाकिस्तान सरकारने या पंथावर बंदी घातली आणि मॉल रस्त्यावरील हॉल ताब्यात घेतला. भाऊ पांगले, वास्तू सरकारी कामाला लागली. वास्तू समाज टिकविते, हा सिद्धांत मांडणाऱ्यांनी लाहोरला एकदा पत्र घालून विचारावे.

येथे दुसऱ्या बाजूचे टीकाकार आम्हांस गाठतील, हे आम्ही जाणून आहोत. ते म्हणतील, ज्याला उत्तरेकडचे लोक 'जादूघर' म्हणत आले, जेथे साहेबांची आणि त्यांच्या मर्जीतल्यांची गुप्त खलबते चालत, त्याचे गोडवे आता कशाला? जादूटोण्याची कल्पना तर निव्वळ बाष्कळ आहे. बंद दाराविषयी माणसाची कल्पनाशक्ती जे जे करते ते तिने येथेही केले. पण दाराविषयीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. त्या दाराबाहेर नागडी तलवार घेतलेला एक पहारेकरी उभा असतो. आत पाणसळ आणि बाहेर तलवार, ही या पंथाची मूळचीच विसंगती आहे. मुंबईच्या माणेकजी करसेटजींना येथील लॉजने प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांना पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. त्यानंतर डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज हिंदी लोकांसाठी निघाली. कलकत्त्याला प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ च्या सुमारास अर्ज केला. हिंदू अनेक देव मानतो, तर एका ईश्वराला स्मरून घ्यावयाची शपथ तो कशी घेणार, असला काथ्याकूट नऊ वर्षे चालून १८७२ मध्ये त्यांना आत घेतले गेले. स्त्रियांना तर मूळ पंथात स्थानच नाही. अ‍ॅनी बेझंटबाईंना १९०२ साली लंडनमध्ये स्त्रीपुरुषांची निराळी लॉज काढावी लागली, आणि पुढे तो पंथ त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात आला. भारताची स्वतःची ग्रँड लॉज स्थापन झाली ती २४ नोव्हेंबर १९६१ रोजी, रामपूरचे नबाब रझा अली खान यांच्या ग्रँड मास्टरपदाखाली; तोवर हुकमत इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांची होती. तेव्हा जनपथावरच्या त्या फरशीवर पाय ठेवताना हेही ध्यानात असू द्यावे की, ती फरशी आपल्या आज्या-पणज्यांना फार काळ मोकळी नव्हती.

आणि आपल्याकडे बंधुत्वाचा प्रयोग झालाच नाही, असे कोठे आहे? 'रायझिंग स्टार' निघाल्यावर थोड्याच वर्षांनी, १८४९ च्या सुमारास, त्याच मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर प्रभृतींनी परमहंस सभा स्थापन केली. तीही गुप्त होती. तिला ना स्तंभ होते ना फरशी. कोणाच्या तरी घरी दिवेलागणीनंतर ती भरे. पण तिच्या उंबरठ्यावरची कसोटी लॉजहून कठीण होती. किपलिंगच्या कवितेतले भाऊ एकत्र बसत, पण जात मोडेल म्हणून एकत्र जेवत नसत. परमहंस सभेने नेमके तेथेच बोट ठेवले : आत यावयाचे तर परधर्मीयाच्या हातचा पाव खा, त्याच्या हातचे पाणी पी! एवढे धैर्य दाखविणारी ही सभा १८६० मध्ये तिची सभासदांची यादी चोरीस गेल्याबरोबर कोसळली. नावे बाहेर फुटतील या भयाने मंडळी घरोघर बसली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला तो उघड्या दाराने, आणि १८७३ मध्ये पुण्यास जोतिरावांनी सत्यशोधक समाज काढला तोही उघड्या दाराने. दार उघडे आणि पातळी सारखी, या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा वारसा आपल्या घरचाच आहे. तो आणावयास जनपथावर जावयास नको.

आता मानेसरकडे वळू. येथे जुनी लॉज नाही, जुने म्हणावे असे फारसे काहीच नाही. अरवलीच्या उतारावर, जयपूरच्या महामार्गाला लागून, गेल्या काही दशकांत वसविलेली ही औद्योगिक वसाहत. राष्ट्रीय सुरक्षा गार्डचे ठाणे येथे आहे, तेथे सैन्यातून आणि पोलिसांतून माणसे काही वर्षांपुरती येतात आणि जातात. राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र येथे आहे, मोटारींच्या चाचणीचे केंद्र आहे, कारखाने तर कितीतरी. या ठिकाणी येणारा मराठी माणूस प्रायः एकटा येतो. मुलांची शाळा मोडू नये म्हणून बायको-मुले मागे ठेवून येतो. फिरत्या सनदेची गरज कोणाला असेल तर ती याला.

त्याला आपण काय देतो? आमच्या पाहण्यातल्या एका मंडळात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण इतरत्र निराळे असते असे नाही) पहिल्या रांगेत सोफे, त्यांवर हुद्द्यांच्या चिठ्ठ्या. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत गादीच्या खुर्च्या. मागे प्लास्टिकच्या. कोणी कोठे बसावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. वेतनश्रेणी पाठ असलेला समाज आपल्या जागा अंधारातही शोधतो. नवखा माणूस आला की पहिला प्रश्न 'आपण कोठे असता?' आणि त्याच्या उत्तरावर दुसरा प्रश्न विचारावयाचा की नाही हे ठरते. सातारा-लातूरकडून येऊन कारखान्यात कंत्राटावर राबणारा आय.टी.आय. झालेला तरुण अशा समारंभाला एकदा येतो, मागे उभा राहून आरती म्हणतो, प्रसाद घेतो, आणि पुन्हा येत नाही. आपल्या दाराशी तलवार घेतलेला पहारेकरी नाही, हे खरे. पण त्याची गरजच कोठे आहे?

पहाटे वसाहतीच्या चौकात खरेखुरे गवंडी उभे असतात. थापी, ओळंबा, पाणसळ पिशवीत घालून, कोणी दिवसाच्या मजुरीवर नेईल का याची वाट पाहत. आपला भव्य दिवाणखाना बांधावयाचा झाला तर तो हेच लोक बांधतील, आणि पूर्ण झाला की त्यांना पुन्हा त्याच चौकात सोडले जाईल. फ्रीमेसन मंडळींनी निदान त्यांची हत्यारे तरी गळ्यात बाळगली.

जमिनीचे भाव पाहता हा संकल्प दहा-पंधरा वर्षे तरी निधी गोळा करण्यातच जाईल, आणि तेवढ्यात आजच्या कार्यकारिणीतील निम्मी मंडळी बदलून वा निवृत्त होऊन गेलेली असतील. तो वेळ आणि तो पैसा दुसरीकडे वळविता येणार नाही काय? नव्याने बदलून आलेल्या प्रत्येक माणसाच्या दारी आठवड्याच्या आत मंडळाचे कोणी तरी जाईल. आजारपणात रुग्णालयात रात्री बसावयास माणूस मिळेल, मग आजारी पडलेला संचालक असो की वॉचमन. अध्यक्ष दर वर्षी बदलेल आणि उतरलेला अध्यक्ष मागच्या रांगेत बसेल. खुर्च्या वर्तुळात मांडल्या जातील. याला शाळेचे भाड्याचे सभागृह पुरते. याला वास्तुविशारद लागत नाही. आणि हे साधल्यावर कोणाला खांब आणि कमानी हव्याच असतील, तर आम्ही आनंदाने त्यांच्या वर्गणीत सहभागी होऊ.

तूर्त निधीची पावतीपुस्तके छापावयास टाकली आहेत, असे आमच्या कानावर आले आहे. त्यांवर देणगीदाराच्या नावापुढे हुद्द्यासाठी एक स्वतंत्र रकाना आहे म्हणतात. तो रकाना काढून पुस्तके पुन्हा छापावीत. पहिली पावती आमच्या नावाने फाडावी.