लिंबोळी कुणाची, साबण कुणाचा?

पाचोड म्हटलं की मोसंबीचा बाजार आठवतो. बांधावरच्या कडुनिंबाखालची लिंबोळी कुणाच्या हिशेबात नसते. पहिल्या पावसाच्या सुमारास ती पिकून पडते. बायका-पोरी वाकून वेचतात, गर धुऊन बिया वाळवतात आणि व्यापाऱ्याला घालतात. ‘नैसर्गिक’ साबणाची वडी होऊन तीच गावात परत येते.

मग बचत गटांना साबण शिकवा, असं सुचवलं जातं. जरूर शिकवा, पण खरं सांगून. रिठा, शिकेकाई, हिंगणबेट यांना नुसत्या पाण्यात फेस येतो. लिंबोळीच्या तेलाची वडी मात्र कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे हवेत, चष्मा हवा, ॲल्युमिनियमचं पातेलं नको. ‘घरगुती’ म्हटलं की ही काळजी कुणी घेत नाही, जणू बाईचे हात भाजण्यासाठीच असतात!

शिवाय अंगाचा साबण विकायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. प्रशिक्षणाच्या दिवशी फोटो निघतात. परवान्याचे हेलपाटे बायकांच्या वाट्याला.

२०१५ मध्ये देशात बनणाऱ्या युरियाला निमतेलाचा लेप सक्तीचा झाला आणि लिंबोळीला गिऱ्हाईक वाढलं. गुजरातेत भरूचच्या जीएनएफसी या खत कंपनीने खेड्यांतल्या बायकांकडून लिंबोळी घेऊन तेल काढलं, साबणही काढला. बायकांना रोख पैसा मिळाला, पण कारखाना कंपनीचाच. आपण एवढ्यावर थांबू नये. आधी तेलघाणा गटाच्या नावावर हवा, साबण मागाहून. कर्जाच्या कागदावर सह्या बायकांच्या असतील तर घाण्याची किल्लीही त्यांच्याकडेच राहावी, घरधन्यांकडे नव्हे.