दुकानाच्या मापाचे सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर म्हटले की बंगळूर-पुणे आठवते. बेळगावचा खडेबाजार आठवत नाही. वास्तविक त्याची निकड तेथेही तितकीच आहे. साडीच्या दुकानात कोणता रंग पडून राहिला, कोणाची उधारी किती, हे सारे मालकाच्या डोक्यात असते. मालक आजारी पडला की दुकानही आजारी पडते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि अनेकांनी हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर घेतले. त्यातून बिल निघते, कर निघतो; पण लग्नसराईत पसंतीसाठी घरी नेलेल्या दहा साड्यांपैकी सहा परत आल्या, ही नोंद बहुधा पुन्हा वहीतच होते. शिवाय गिऱ्हाईक मराठी, नोकर कानडी आणि पडदा इंग्रजी!

म्हणून दुकानाच्या मापाने बेतलेले सॉफ्टवेअर हवे. मात्र बेतणाऱ्याने आधी आठ दिवस गल्ल्याशेजारी बसावे, वही वाचावी आणि प्रथम एकच अडचण सोडवावी. पडून राहणारा माल वेळीच कळला, तरी अडकलेले भांडवल मोकळे होते. दुकान वाढते ते त्यातूनच. नोंदींची प्रत मात्र मालकाच्याच हाती राहावी. नाहीतर सॉफ्टवेअर करणारा गाव सोडून गेला की दुकान पुन्हा अडले!

संगणक विभागातील विद्यार्थीमित्रांचे प्रकल्प परीक्षेनंतर कपाटात जातात. त्यांतला एक तरी खडेबाजारात जावा.