एसी घेताना थंडीचाही विचार करा

खान्देशच्या उन्हाळ्याबद्दल सगळेच बोलतात, आपल्या थंडीची मात्र कुणी दखल घेत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्या धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यासाठी आपण कूलर घेतो, ऐपत असेल तर एसी घेतो. थंडीसाठी काय? तर शेगडी, नाहीतर कॉइलचा हीटर!

बचतगटाच्या कामानिमित्त मी घरोघर जाते. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या गच्च लावून कोळशाची शेगडी पेटलेली अजूनही दिसते. त्यामागची माया खरी. पण बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. हीटरला धूर नाही, पण २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज खातो.

यावर तिसरा मार्ग आहे, हीट पंपाचा. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्याची मागची किंवा बाजूची भिंत गरम लागते. हीट पंप तसाच बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून खोलीत आणतो. बाहेर ५ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. ती तयार करायची नसते, नुसती वाहून आणायची असते. त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिटांची ऊब मिळते. नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात निम्म्याहून अधिक घरांत हीच सोय आहे.

आपल्याकडे हे यंत्र 'हॉट अँड कोल्ड एसी' म्हणून मिळतं. साध्या एसीपेक्षा ते महाग पडतं आणि वीज गेली की बंद पडतं, हे खरं. नुसत्या थंडीसाठी ते घ्या, असं मी म्हणणार नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी गोधडी, लोकरीचे कपडे वापरावेत आणि शेगडी पेटवलीच तर खिडकी उघडी ठेवावी, झोपण्याआधी ती खोलीबाहेर काढावी.

पण मैत्रिणींनो, घरात एसी येणारच असेल, तर खरेदीचा निर्णय एकट्या पुरुषांवर सोडू नका. थंडीत त्या खोलीत दिवसभर बाळंतीण असते, सासूबाई असतात. त्यांच्या वतीने दुकानात एवढं तरी विचारा, "भाऊ, हा गरम हवा देतो का?"