चिठ्ठी नको, दाखला हवा

लेक एम.बी.बी.एस. झाली, पेढे वाटले. आता कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, निवासी डॉक्टर होऊन एम.डी. करायचे तर पुढाऱ्याची चिठ्ठी कामाची नाही. तिथे 'नीट-पीजी' परीक्षेतला क्रमांकच बोलतो.

अभ्यास लेकीने करावा. कागद घरच्यांनी सांभाळावेत. इंटर्नशिपचे वर्ष मुदतीत पुरे व्हावे, मेडिकल कौन्सिलची नोंदणी हाती असावी. राखीव जागेला नुसता जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. इतर मागासवर्गीयांनी नॉन-क्रिमीलेअर दाखला कोणत्या सालच्या ३१ मार्चपर्यंत चालतो, तेही पाहावे.

निकालानंतर कचेरीत हेलपाटे घालण्यापेक्षा आजच अर्ज टाका. गुण असूनही दाखल्यावाचून राखीव जागा हातची जाते.