सोनोग्राफीत काय निघालं?



परवा सूनबाईची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. संध्याकाळी प्रतिक्रमणाला गेले, तर एका काकूंनी हळूच विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "हृदय, किडन्या, पाठीचा कणा, सगळं व्यवस्थित आहे." त्या म्हणाल्या, "ते नाही गं..."

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. आईला त्रास नको म्हणून भगवान महावीर गर्भात हलायचे थांबले, तेव्हा त्रिशलामाता किती व्याकूळ झाल्या! बाळ पुन्हा हललं तेव्हाच त्यांच्या जिवात जीव आला. आईची काळजी आजही तीच आहे. सोनोग्राफी तिलाच उत्तर देते. त्यात एक्स-रे नसतो, ध्वनिलहरी असतात. सुरुवातीला ठोके आणि दिवस कळतात, १८ ते २० आठवड्यांना अवयव दिसतात, पुढे वाढ, पाणी, वार. काही अडचण असली तर बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवता येतं. ब्रह्मपुरीहून नागपूर शंभरावर किलोमीटर आहे, ऐनवेळी धावपळ नको. म्हणून "आमच्या वेळी कुठे होतं हे" म्हणत सुनेला अडवू नका.

पण मुलगा की मुलगी, हे बघायला ती नाही. महाराष्ट्राने १९८८ सालीच गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. तपासणीआधी सूनबाईने सही केली, "मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही." खरं सांगते, बाहेर बाकावर बसले असताना क्षणभर तो प्रश्न माझ्याही मनात आला होता. म्हणून काकूंना काय बोलणार?

पण आपला हिशेब बघा. २००१ च्या जनगणनेत जैन समाज साक्षरतेत देशात पहिला, ९४ टक्के. आणि सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८७०! २०११ मध्ये ८८९. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्याला आपण मागास म्हणतो. तिथे २०११ मध्ये हजारामागे ९५० हून जास्त मुली होत्या. मग मागास कोण?

आपण पाणी गाळून पितो. बटाट्यातल्या एकेंद्रिय जीवांसाठी जिभेला आवर घालतो. मग पोटातल्या पंचेंद्रिय जीवाबद्दल "काय निघालं" विचारताना जीभ का आवरत नाही? संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणू, पण जन्मालाच येऊ न दिलेल्या मुलीला ते कसं म्हणणार?

सोनोग्राफी वेळेवर करा. कुणी विचारलं तर सांगा, "बाळ ठीक आहे." आणि तिथेच थांबा.